मावशीच्या म्हशीच्या गोचिडी

लोधिवलीला राहणारी माझी मावशी दोन म्हशी पाळते आणि मी पुण्याच्या प्रयोगशाळेत गोचिडींच्या थुंकीवर संशोधन करते. त्यामुळे मी सुट्टीत तिच्याकडे गेले की फायदा दोघींचाही होतो. मागच्या उन्हाळ्यात मी चिमटा आणि झाकणाला भोकं पाडलेली डबी घेऊनच पोचले.

"मी त्यांना उपटून, चिरडून चुलीत टाकते," मावशी म्हणाली, "आन तू त्यांना एसी बसमधनं पुन्याला नेनार? नशीब हाय गं त्यांचं."

गोठ्यात म्हशीच्या कानामागे चाचपत मी तिला समजावलं. गोचीड चावते तेव्हा नुसतं रक्त पीत नाही, जखमेत थुंकतेही. त्या थुंकीत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पुड्या असतात, तिच्या पेशींनी बांधून सोडलेल्या. त्या म्हशीच्या कातडीत शिरून सांगतात, गप्प बस, इथं काही झालेलं नाही. मग खाज नाही, जखम भरायची घाई नाही. गोचीड दिवसेंदिवस निवांत जेवते. आणि काही रोगांचे विषाणू याच पुड्यांत लपून अंगात उतरतात.

"म्हंजे आहेराच्या पुडक्यातनं चोर घरात शिरला," मावशी म्हणाली.

हे वाक्य मी पुढे एका परिसंवादात स्वतःचं म्हणून खपवलं. टाळ्याही मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आधीच मावशीनं डबी भरून ठेवली होती. मला अगदी भरून आलं.

प्रयोगशाळेत प्रत्येक गोचीड पट्टीवर उताणी चिकटवायची, तिच्या तोंडाला केसाएवढी काचेची नळी लावायची आणि थुंकीची वाट बघायची, असं आमचं काम. सात-आठ झाल्या. नंतरची चांगली टपोरी होती, पण तिचं तोंड काही सापडेना. सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून फिरवून माझी मान दुखायला लागली. शेवटी आमच्या मॅडमना बोलावलं. त्यांनी एकदाच डोळा लावला.

"अगं, ही एरंडाची बी आहे."

हसता हसता शेजारी काम करणाऱ्या एकीच्या हातातली नळी फुटली. माझे कान तापले.

पुढच्या शनिवारी मी लोधिवलीला हजर. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी चेहरा गंभीर ठेवला.

"मावशी, तुझी एक गोचीड फारच वेगळी निघाली. थुंकीऐवजी चक्क तेल दिलं तिनं. आता आमचे मोठे साहेब येणार. ही जात कुठून आणली, ते तुलाच विचारणार."

मावशीचा हात थांबला. "कदी येनार?"

"मंगळवारी."

ती उठून परसात गेली. मला वाटलं, घाबरली. परत आली ती ओंजळभर एरंडाच्या बिया घेऊन.

"सायबाला एकच कशाला दावतेस? हे घे, समदं खानदान."

मग आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण काय झालं ते बघायला धावत आली. मावशीनं तिला सगळं सांगितलं, माझ्या मान दुखण्यासकट. खरं तर ते मी मावशीला सांगितलंच नव्हतं. मॅडमशी हिचं फोनवर बोलणं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मात्र हल्ली मावशी गोचीड बोटांत धरून चिरडत नाही आणि शेजारणींनाही चिरडू देत नाही.

"फोडू नको गं," ती गोठ्यातनं ओरडते, "आत काय काय बांधून ठेवलंय तिनं, तुला ठावं हाय काय?"