साडूंची लाईन

माझ्या थोरल्या साडूंना इंग्रजीतला एकच शब्द नीट येतो आणि त्या एका शब्दावर त्यांनी अख्खा संसार रेटलाय. तो शब्द म्हणजे 'लाईन'. कशेळ्याहून त्यांची प्रवासी जीप सुटते ती 'कर्जत लाईनीला'. वीज गेली की 'लाईन गेली' हे आपणही म्हणतो हो, पण साडू तिथे थांबतील तर शपथ. शेजाऱ्याचा मुलगा कामाला लागला, 'लाईनीला लागला'. आमटीत मीठ कमी पडलं, 'आज लाईन जमली नाय'. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तर पाणी द्यायच्या आधी प्रश्न, "तुमची लाईन कंची?" मी शिक्षक आहे म्हटल्यावर मनापासून म्हणाले, "बेस लाईन. सुट्ट्या लय." एकदा छातीत कळ आली म्हणून आम्ही त्यांना घाबरत घाबरत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतं? यांनी खांद्यापासून करंगळीपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही अक्खी लाईन." तपासणीत निघाला गॅस. घरी येईपर्यंत साडू एवढे खूश, की आपणच निदान केल्यासारखे मला समजावत होते, "गॅसची लाईन येगळी असती, साडू."

त्यांची एकुलती एक लेक प्राची. तिला रसायनीच्या कारखान्यातला एक मुलगा आवडला, मुलालाही ती आवडली, आणि खालापूरकडची ती मंडळी सुपारी फोडायला यायची ठरली. आदल्या दिवशी प्राचीने बापाला बजावलं, "बाबा, त्यांच्यासमोर तो शब्द काढायचा नाय. हसतील." साडूंनी मान डोलावली. लेकीचा शब्द त्यांना कोर्टाच्या हुकमासारखा.

झालं काय, की तोंड उघडलं तर तोच शब्द बाहेर पडणार याची साडूंना पक्की खात्री. मग त्यांनी तोंडच उघडलं नाही. पाहुण्यांनी विचारलं, यंदा भात कसं? साडूंनी मान हलवली. जीप कुठे चालते? साडूंनी कर्जतच्या दिशेला हात केला. मी कोपराने ढोसून पाहिलं, ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, स्वयंपाकघरातून डोळे वटारले, पण गडी ढिम्म. पोहे संपले, चहा संपला. आमच्याकडची रीत अशी, की मुलीच्या बापाने स्वतःच्या तोंडाने 'दिली' म्हटल्याशिवाय सुपारी फुटत नाही आणि साखरेला कोणी हात लावत नाही. मुलाच्या वडिलांनी दोनदा विचारलं, "मग, पोरगी दिली म्हणायची ना?" साडूंच्या कपाळावर घाम, ओठ घट्ट. वडिलांनी शांतपणे टोपी डोक्यावर ठेवली. "बापाच्या मनात नाय, तर राहू द्या," म्हणाले आणि उठून चपला शोधू लागले.

प्राची दारातच उभी होती. तिचा चेहरा मला बघवेना. ती पुढे आली आणि म्हणाली, "बाबा, बोला. काय येल ते बोला."

"अवो बसा, दिली, कवाच दिली," साडूंचा बांध फुटला. "पोरीनं कालपासून माझी बोलायची लाईनच बंद क्येली. तुमची लाईन चांगली, पोराची लाईन चांगली, जाताव कुठं?" मग मुलाचे वडील असे हसले, की टोपी हातात घेऊन खाली बसले आणि म्हणाले, "आणा साखर."

लग्न झोकात झालं. पण लेक सासरी गेली आणि साडूंनी तो शब्दच सोडला. अंधार झाला तर म्हणायचे, "वीज गेली वाटतं." ताई मला म्हणाल्या, "भावजी, हे असं शुद्ध बोलाय लागले की घर परक्याचं वाटतं." मला हसू आलं, आणि हसता हसता वाईटही वाटलं.

परवा कशेळ्याच्या नाक्यावर त्यांच्या जीपमध्ये बसलो होतो. भरायला अजून चार सीट हव्या होत्या. प्राचीचा फोन आला. साडूंना फोन कायम स्पीकरवर लागतो, त्यामुळे मागच्या बायांसकट आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"जेवलात का, बाबा? माझी काळजी करू नका. हिकडं सगळं लाईनीत हाय."

साडूंनी फोन कानाजवळ नेला. मग म्हणाले, "आयकाय नाय आलं गं. परत बोल."

तिने परत सांगितलं. तोवर जीप भरली होती, तरी ते फोन हातात धरून तसेच बसून राहिले, आणि चला म्हणून कोणी त्यांना हटकलं नाही.