पडण्याचा वार

नवरा गेल्यावर दोन वर्षांनी मी साताऱ्याहून मिरजेला आले. एका इस्पितळाच्या अपघात विभागात नोंदी करायचं कंत्राटी काम मिळालं होतं. जखमी माणूस आला की फॉर्म भरायचा: कुठं लागलं, कशानं, कधी, गाव कुठलं. मग ते संगणकात चढवायचं. मूलबाळ नव्हतं. सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत खोली घेतली होती. दिवसभर मी लोकांना ‘काय झालं?’ विचारायचे. खोलीवर मला तसं विचारणारं कुणी नव्हतं.

म्हणून सुटीच्या दिवशीही कामावर जायचे. अशाच एका रविवारी जुन्या नोंदी गावांप्रमाणे लावत बसले होते. वाळवा तालुक्यातल्या एका गावच्या बायका सारख्या पडत होत्या. न्हाणीत पडली, गोठ्यात पडली, जिन्यावरून पडली. आणि बहुतेक मंगळवारीच. त्या गावचे पुरुषही पडायचे, पण कुठल्याही वारी.

आमचे शिपाईमामा त्याच बाजूचे. त्यांना विचारलं.

“मंगळवारी बाजार असतोय ताई,” ते खाली बघत म्हणाले. “बाजार उठला की गडी पिऊन घरला.”

मी त्या नोंदींचा तक्ता केला आणि विभागाच्या डॉक्टरबाईंना दाखवला. “इथून पुढं बायकांना एकटीला विचारा,” म्हणाल्या. “सोबतचं माणूस बाहेर.”

त्याच आठवड्यात बुधवारी त्या गावची एक बाई आली. मनगट सुजलेलं, भुवईवर जखम, सोबत सासू. सासूला मी केसपेपर काढायला पाठवलं.

“कशानं लागलं?”

“पडले.”

“कुणी पाडलं?”

“तुमी लिवनार. मला त्याच घरात जायाचं हाय.”

“माझ्या तक्त्यात नाव जात नाही. गाव, वार, कशानं लागलं, एवढंच. तक्रार करायची असेल तर मी सोबत येते.”

“तक्रार नगं.” मग म्हणाली, “लिवा. दांडकं. आन् आमच्या आळीत मी एकलीच न्हाई, ह्येबी लिवा.”

त्यासाठी रकाना नव्हता. मी फॉर्मच्या पाठीमागं लिहिलं. तिनं माझ्या मोकळ्या गळ्याकडं बघितलं.

“मालक न्हाईत?”

“नाहीत.”

“मारायचं?”

“नाही. कधीच नाही.”

“मग लय आठवन येत आसंल.”

नवरा गेल्यापासून हे मला कुणीच म्हणालं नव्हतं. मी मान हलवली आणि सासू परत आली.

पुढं डॉक्टरबाईंनी त्या गावच्या ग्रामसभेत तो तक्ता वाचला. मीही गेले होते. नावं नव्हती, फक्त वार. “आमचं गाव तसलं न्हाई,” कुणीतरी ओरडलं. तेव्हा फौजेतून परतलेले एक म्हातारे सुभेदार उठले. “मंगळवार आपल्याच बाजाराचा हाय. गप बसा आन् ऐका.”

बाजाराशेजारची दारूची टपरी गावानं हलवली. मंगळवारी संध्याकाळी अंगणवाडी उघडी ठेवायची ठरलं. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई तिथं बसणार, ज्या बाईला यावंसं वाटेल तिनं पोरांना घेऊन यावं.

वर्षभरात त्या गावच्या मंगळवारच्या नोंदी विरळ झाल्या. डॉक्टरबाई खूश होत्या. मला मात्र झोप लागेना. मार थांबला होता, की बायका इस्पितळात यायच्याच थांबल्या होत्या? संगणक एवढं सांगत नाही.

म्हणून एका मंगळवारी एसटीनं गेले. अंगणवाडीत सात-आठ बायका मेथी निवडत होत्या. त्यांत ती होती, भुवईवर पांढरी रेघ. तिनं मला ओळखलं, पण ओळख दिली नाही. तिचं नाव मला पाठ होतं. मी हाक मारली नाही.

“मागल्या सालावानी न्हाई आता,” आशाताई हळूच म्हणाल्या. “दोघी-तिघींचं अजून हाय. पर त्या आधीच हितं येऊन बसत्यात.”

भुवईवर रेघ असलेल्या त्या बाईनं सरकून सतरंजीवर जागा केली आणि मेथीची एक जुडी माझ्यापुढं टाकली. मी निवडू लागले. बायका आपापसांत माहेरचं, ऊसतोडीच्या टोळ्यांचं बोलत होत्या. मला त्यातलं कुणी ठाऊक नव्हतं. जुडी संपली. इस्लामपूरला गाडी बदलायची होती, म्हणून उठले. कुणी थांब म्हणालं नाही, म्हणायचं कारणही नव्हतं. स्टँडवर गाडीला उशीर होता. मी बाकावर बसून नखांत अडकलेली माती काढत राहिले.