चिनी भंडाऱ्याने खरं काय सांगितलं होतं

माझ्या बहिणीचा नवरा भित्रा होता, मनाने कमकुवत होता, असं आमच्या गावात आजही बोलतात. ते खोटं आहे. हे खोटं मी पसरवलं. ते कसं, तेवढं लिहून ठेवतो.

साठच्या दशकातली गोष्ट. दुबईला तेव्हा मोठ्या बोटींसाठी धक्का नव्हता. बोटी दूर समुद्रात नांगर टाकायच्या आणि माल बार्जमध्ये उतरवून खाडीत आणायचा. आम्ही रत्नागिरीकडचे. दुलाभाई, म्हणजे बहिणीचा नवरा, आधी आले, बोटीवरचा माल उचलायचं विंच चालवायला लागले, मग त्यांनी मला बोलावून घेतलं. मला इंग्रजी येत होतं, म्हणून वर्षभरात मी मालाची मोजदाद ठेवणारा टॅली क्लार्क झालो. म्हणजे त्यांचा साहेबच.

खोलीवर मी त्यांना ‘तुम्ही’ म्हणायचो, डेकवर ‘तू’. चूक कोणाचीही असो, ओरडायचो त्यांच्यावर. घरच्याच माणसाला सोडत नाही म्हटल्यावर बाकीचे आपोआप वचकून असायचे. दुलाभाई उलट एक शब्द बोलत नसत. मेहुण्याशी चारचौघांत भांडलं तर गावात बायकोची मान खाली जाईल, असं त्यांना वाटे.

हळूहळू त्यांची झोप गेली. पोटात आग, छातीत धडधड. मग हात थरथरायला लागले.

“काय रे दुलाभाई, विंच ओढतोस की तसबी?” मी ओरडलो. सगळी गँग हसली. तेही हसले. त्यानंतर कुणीही जाता-येता बोटांनी तसबीचे, जपाच्या माळेचे, मणी ओढून दाखवायचं.

तेव्हा एका मालबोटीवर आमचं काम पंधरा दिवस चाललं होतं. तिचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, म्हातारा चिनी होता. बाप वैद्य, त्याच्याकडूनच शिकलेला. भटारखान्याच्या एका डब्यात त्याच्या सुया असत. खलाशी त्याच्याकडे जात. दुलाभाईंनी मला गाठलं. “तू चल. परक्यासमोर घरचं दुखणं कसं काढू? तुला इंग्रजी येतं.”

म्हाताऱ्याने दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली. जीभ पाहिली, बरगडीखाली दाबलं. दुलाभाई कळवळले. मग तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला म्हणाला, “हा राग गिळतो. गिळलेला राग यकृतात बसतो, वर डोक्यात चढतो. विचार त्याला, कोण छळतं?”

मी विचारलं, “तो म्हणतो, कामाची भीती वाटते का?”

दुलाभाई ओशाळले. “भीती कसली? त्याला सांग, मेहुणा बरोबर आहे, मला कसली काळजी?”

मी म्हाताऱ्याला सांगितलं, “कोणी नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग अंगठ्याच्या बेचक्यात, मनगटावर, गुडघ्याखाली आणि भुवयांच्या मध्ये सुया लावल्या. शेवंतीसारख्या वाळलेल्या फुलांचा कडू काढा पाजला. दुलाभाई तिथेच तांदळाच्या गोणीला टेकून लहान मुलासारखे झोपले. घोरायला लागले. मला त्या घोरण्याचाही राग आला.

असं तीन दिवस चाललं. हात थोडे स्थिर झाले. तिसऱ्या दिवशी म्हातारा म्हणाला, “सुई एका दिवसापुरती. जो छळतो त्याच्याजवळ राहिला तर कोसळेल. त्याला घरी पाठव. दोन महिने झोपू दे.”

शुक्रवारपर्यंत बोट रिकामी करून देतो, असा शब्द मी माझ्या वरच्या साहेबाला दिला होता. हे एक कारण. दुसरं असं, की ते घरी गेले असते तर का आले हे बहिणीला कळलं असतं.

“काय म्हणाला?” दुलाभाईंनी विचारलं.

“म्हणाला, आजारबिजार काही नाही. मन कमकुवत आहे. काम सोडलं तर वाढेल.”

ते म्हणाले, “खरं असेल. जाणता माणूस आहे.” आणि त्यांनी म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरून आभार मानले. म्हाताऱ्याने मला विचारलं, “नीट सांगितलंस?” मी मान डोलावली.

बोट शुक्रवारी रिकामी झाली, निघून गेली. पुढच्या बोटीवर मी “यल्ला, यल्ला” ओरडत घाई करत असताना दुलाभाई विंचवरून खाली कलले. तोंड वाकडं, उजवी बाजू गेलेली. मी त्यांना गावी पाठवलं आणि सोबत बहिणीला पत्र: डॉक्टर सांगत होता, यांचं मनच कमकुवत.

ते मरेपर्यंत अकरा वर्षं खाटेवर होते. जीभ जड झाली होती, तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच सांगायचे, “मीच कच्चा निघालो.”

मागच्या वर्षी मी बहिणीसमोर बसून सगळं सांगितलं. ती आता नव्वदीला आली आहे. तिने पदराने तोंड पुसलं.

“अकरा वर्षं मी त्यांना भरवलं,” ती म्हणाली. “घास सांडला की म्हणायची, भित्रे कुठले. तुझ्या पत्रावर विश्वास ठेवून. ते खाली बघून गिळायचे.”

मी म्हटलं, “आपा, माफ कर.”

“मी कशी करू?” ती म्हणाली. “मला कोण करणार ते सांग आधी.”