विमान गेलं, केर राहिला

मांडवीच्या सत्यवतीला मैल कळत नसत. ती अंतर केरावर मोजायची. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केरसुणी हातात धरायची नाही, ही रीत सगळ्यांचीच. पण इतर बायका माणूस वळणाआड गेलं की रीत गुंडाळून ठेवीत. सत्यवती ठेवीत नसे. राजापूर म्हणजे तिन्हीसांजेपर्यंतचा केर, मुंबई म्हणजे रात्र उलटेपर्यंतचा.

त्याला कारण होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा सोनू मचव्यावर जयगडला गेला आणि त्याची पाठ वळताच हिनं ओटी, दारापुढचं खळं लख्ख केलं. मचवा परत आला नाही. सासू येसूबाई एकदाच म्हणाली, "झाडून टाकलंस गो त्याला." एकदाच, पण जन्माला पुरलं. पोटात तेव्हा जानू होता.

हा जानू पुढे मुंबईला विमानांची इंजिनं पुसायला लागला. पस्तीस साली डाकेचं विमान मुंबईहून गोव्याकडे जाऊ लागलं. मांडवीकरांनी चार दिवस माना दुखेस्तोवर वर पाहिलं आणि मग आपापली जाळी विणायला घेतली. अशात बोटीवरून आलेल्या कुणाबरोबर जानूचा निरोप आला: येत्या मंगळवारी विमानाचा साहेब मलाही गोव्याला नेतोय. घरावरूनच जाईन, बाहेर उभी राहा.

शेजारचा काशीराम बंदरावर तिकिटं फाडायचा. म्हणजे जगातल्या सगळ्या वाहनांचा तोच जाणकार. म्हणाला, "बोटीला दिवस-रात लागते, इमानाला तीन तास. वयनी, तुमचा भात शिजून जेवणं होतायत तवर पोरगा गोव्यात!"

मंगळवारी विमान आलं. सत्यवतीनं पदर हलवला. वरून कुणी हात केला की नाही, दिसलं नाही. घरात आली, सवयीनं केरसुणीकडे हात गेला आणि थबकला. पोरगा निघाला मुंबईहून, या घरातून नव्हे. मग रीत लागू का? "घरावरून गेला म्हणजे घरातूनच गेला," तिनं ठरवलं आणि केरसुणी कोपऱ्यात उभी केली.

दुपारी काशीराम आला. "पोचला असंल. झाडा आता."

"तू बगितलंस?"

बुधवारी ओटीवर माशांची खवलं वाळली, मुंग्यांनी रांग लावली. काशीराम कपाळावर हात मारून म्हणाला, "अवो, तीन तासांचा केर दोन दिस?"

"तीन तास इमानाचे. माजे नाय."

ती घाबरली होती. एरवी भर बाजारात गिऱ्हाइकाला गप्प करणारी बाई, पण ते दोन दिवस ती बाजाराकडे फिरकलीच नाही.

गुरुवारी गोव्याहून बोट आली. बोटीवरून माणसं किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून गुडघाभर पाण्यात उतरून जानू घरी आला. परतीची त्याची जागा टपालाच्या थैल्यांना गेली होती. दारातच ओरडला, "आये, घर हाय का मासळीबाजार? अगो, तीन तासांत पोचलो गोव्याला!"

"गोव्याला," सत्यवती म्हणाली. "घरी आत्ता पोचलास."

तिनं केरसुणी उचलली, पण सासूचे ते शब्द आठवून ती थांबली. मग तिनं ती त्याच्यासमोर धरली. "घे. तूच काड आज."

काशीराम बघत असतानाच मुंबईचा तो इंजिनवाला वाकून ओटी झाडू लागला, आणि सत्यवती उंबऱ्यावर बसून वीस वर्षांचं रडून घेत राहिली.