वहीवाले नाना आणि फलाटावरचं बाक

नाना तक्रार लिहायला कधी खुर्चीत बसले नाहीत. मी खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "फलाटावर बाक नाही अशी तक्रार, आणि ती मी बसून लिहू? वाचणाऱ्याला खरं वाटेल का?" मग टेबलावर वाकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून तक्रारवहीचं अर्धं पान भरायचे. वाचणारा मीच होतो. उत्तर देणाराही मीच.

लालबागच्या बाजूच्या आमच्या स्टेशनचं नाव सांगत नाही. माझी नोकरी अजून शिल्लक आहे. नाना मूळचे मालवणकडचे, उमेदीत गिरणीत कापड विणायचे साचे चालवलेले. काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी शीवला न्यावं लागे. परतताना त्यांच्या पायांत त्राण नसे. जिना चढण्याआधी त्या फलाटावरच्या जुन्या लाकडी बाकावर घटकाभर टेकत. नाना म्हणत, "गाडी चुकली तर दुसरी येते. बाक चुकलं की ही पडते."

ते बाक आम्ही काढलं, कारण आम्हाला वारसा जपायचा होता. भिंतीवर स्टेशनचा इतिहास रंगवायचं वरून ठरलं आणि बाक नेमकं त्या भिंतीच्या आड येत होतं. चित्रकार गुणी होता. त्यानं वाफेचं इंजिन काढलं, कंदील घेतलेला स्टेशनमास्तर काढला आणि कोपऱ्यात तेच बाक काढून त्यावर नऊवारीतली एक म्हातारी ऐसपैस बसवली. खरं बाक गोदामात गेलं. काकी त्या चित्राला टेकून उभ्या राहू लागल्या, तेव्हा रंग खराब होऊ नये म्हणून आम्ही 'भिंतीला टेकू नये' अशी पाटी लावली. नानांनी वहीत लिहिलं, 'चित्रातल्या बाईची सोय झाली. आता जिवंत बाईचं बघा.'

मी उत्तर लिहिलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' या वाक्याइतकी मजबूत वस्तू आमच्या स्टेशनात दुसरी नाही. गळकं छप्पर आणि कोरडा नळ वर्षानुवर्षं त्याच्याच आधारावर टिकून आहेत. नाना ते मोठ्यानं वाचायचे, "अक्षर सुधारतंय हां तुमचं," म्हणायचे आणि जायचे.

मग स्टेशनचा वाढदिवस आला. केक, फुगे, मंडपवाल्याच्या खुर्च्या. जुने प्रवासी म्हणून कुणाचा तरी सत्कार हवा होता; मी नानांचं नाव सुचवलं. वाटलं, शाल मिळाली की वही थांबेल. नानांनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि प्रमुख पाहुणे भाषणाला उठले तशी त्यांची रिकामी झालेली खुर्ची उचलून चित्राखाली नेऊन ठेवली. "बस गो," ते काकींना म्हणाले, "इतिहास काय उभ्यान वाचूचो?" पाहुणे प्रवाशांच्या सेवेवर बोलत होते. भाषण संपवून वळले तर बसायला जागा नाही, म्हणून लवकर निघून गेले. साहेबांनी मला झापलं. मला मात्र डोळे मिटून बसलेल्या काकी दिसत होत्या, आणि पहिल्यांदाच मला माझ्या सुधारलेल्या अक्षराची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी बाक परत मिळावं म्हणून वर अर्ज पाठवला. वरून उत्तर आलं, नोंद घेण्यात आली आहे. मग मीही दर आठवड्याला अर्ज करू लागलो. नानांकडून शिकलेली तेवढी एक विद्या. बाक आलं तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. रंगाचा नवा हात मारून आलं होतं.

त्यानंतर नाना एकटेच आले. मी सवयीनं खुर्ची पुढे केली आणि ते बसले. तेव्हाच मला कळलं. वही मांडीवर घेऊन त्यांनी सावकाश लिहिलं, 'बाक मिळाले. बसणारी गेली.'

वहीत प्रत्येक तक्रारीसमोर उत्तराचा रकाना असतो. तपासणीला येणारे साहेब त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवतात आणि भरून टाका म्हणतात. मी हो म्हणतो. अजून भरलेला नाही.