अण्णांचं हृदय आज पडद्यावर पाहिलं

मैत्रिणींनो, आज फार आनंदात लिहितेय.

माझे थोरले भाऊ अण्णा उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, लोखंड ओतायच्या फाउंड्रीत आहेत. हार्ट अटॅक आल्यापासून आम्ही त्यांना पाण्याची घागरही उचलू दिली नव्हती. भट्टीचं काम सुटलंच, असं सगळ्यांनी धरलं होतं.

आज दवाखान्यातल्या नव्या मशिनने ध्वनिलहरींच्या मदतीने त्यांचं हृदय पडद्यावर दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "स्नायूचा एवढाच भाग दुखावलाय, तो हलत नाही. बाकीचे भाग जोरात चाललेत. हळूहळू कामावर जा."

अण्णा पडद्याकडे बघून हसले. "एकच गडी बसून हाय व्हय? आमच्या भट्टीवर चार बसून असत्यात, तरी काम थांबत न्हाय!"

येताना त्यांनी माझ्या हातातली पिशवी मागितली. मी दिली.

तुमच्या घरीही कुणाला असं जपून जपून आजारी ठेवलंय का?