नायगाव ते गिरगाव व्हाया चिंचपोकळी : आईला ऐकू जाईल असा ॲम्प

लोक आईला घेऊन महाबळेश्वरला जातात. मी ॲम्प्लिफायर बघायला गेलो. नायगाव, दादर, गिरगाव, चिंचपोकळी आणि परत घर. सामान : एक पेडल स्टील गिटार, एक पाण्याची बाटली आणि माझी अफाट अक्कल.

पेडल स्टील म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आमच्या चाळीतही अजून कुणाला पटलेलं नाही. टेबलासारखी आडवी गिटार, खाली पेडल्स. खुर्चीत बसून लोखंडी दांडी तारांवरून सरकवायची, पायाने पेडल दाबून सूर वाकवायचा. सूर लांबच लांब ओढता येतो. दादर-परळ पट्ट्यात हे वाजवणारे किती म्हणाल, तर आरशात दिसतो तेवढाच. चाळीत भिंतीला भिंत, म्हणून इतकी वर्षं हेडफोन लावून वाजवतोय. शेजारी सुखी.

आता आमची बीडीडी चाळ पाडणार. नवं घर मिळेपर्यंत आई दादाकडे नाशिकला चाललीय. परवा भाकरी थापता थापता म्हणाली, “संद्या, तू वाजवतोस म्हणजे मला नुसतं तुझं डुलणारं डोकं दिसतं रे. जायच्या आधी एकदा ऐकव की.” आईला कमी ऐकू येतं, कानात मशीन आहे. मी छाती फुगवून म्हटलं, “चल, ॲम्पच घेऊ.” परदेशी वादकांच्या चर्चा वाचून मी तज्ज्ञ झालोच होतो : स्टीलला ताकदीचा ॲम्प हवा, कितीही वाढवला तरी आवाज फाटता कामा नये.

जाणाऱ्यांसाठी सूचना : टपावर कॅरियर असलेली टॅक्सी धरा. रविवार टाळा, आणि अकराच्या आत पोचून शटरला नमस्कार करू नका. आम्ही केला.

दादरच्या दुकानदाराने दारातच अडवलं. “साहेब, इस्त्रीचं टेबल बाहेर ठेवा.” गिटार आहे म्हटल्यावर त्याने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. त्याच्याकडचा छोटा ॲम्प लावला, जरा वाढवला, तर तडतडायलाच लागला.

“तळतोयस काय?” आईने विचारलं.

गिरगावात आधी कोथिंबीर वडी आणि पियूष. हे चुकवू नका, दिवसभरात माझा बरोबर ठरलेला पहिला निर्णय हाच. मग दुकान. तिथे त्या चर्चांमध्ये वाचला होता तसा ॲम्प होता, माझा दोन महिन्यांचा पगार मागणारा. मी डोळे मिटून वरच्या तारांवर सूर धरला. काय आवाज! काउंटरवरचा माणूस चहा प्यायचा थांबला. आपण भलतेच थोर आहोत असं वाटायला लागलं, तेवढ्यात आई म्हणाली, “सारखा मधेच थांबतोस कशाला?”

“थांबलो कुठे?”

“हात हलतोय तुझा. पण आवाज येतो नि गडप होतो.”

आणि डोक्यात प्रकाश पडला. कानातलं मशीन कधी कधी स्वतःच शिट्टी मारतं, आणि तिच्या मशीनमध्ये ती दाबायची सोय आहे. लांब, एकसारखा बारीक आवाज आला की मशीनला वाटतं, आपणच शिट्टी मारतोय, आणि ते तो गिळून टाकतं. ती सोय मी जास्तीचे पैसे भरून घेतली होती, वर साऱ्या चाळीला सांगितलंही होतं. घ्या! लांब सूर ओढणारं वाद्य शिकलो मी, आणि लांब सूर गिळणारं यंत्र आईच्या कानात बसवलं तेही मीच.

मशीन काढून पाहिलं, तर वरचे सूर तिला मुळीच ऐकू येईनात.

“जाऊ दे रे,” आई म्हणाली. “तू वाजवतोस हे मला माहितीये ना, बास झालं.” तिने समजूत घातल्यावर मला जास्तच वाईट वाटलं. दुकानात रडू नये म्हणून मी वायर गुंडाळत बसलो.

परतताना चिंचपोकळीला टॅक्सी थांबवली. स्टेशनलगत मंडळांसाठी स्पीकरचे खोके बनवणारा एक कारखाना आहे. तिथे कुणा कीबोर्डवाल्याने विकलेला जुना ॲम्प पडला होता : कळकट, एक चाक गायब, पण स्पीकर परातीएवढा. बारीक नाही तर जाड आवाज तरी पोचेल, असा विचार करून मी खालच्या तारा छेडल्या. आईचं मशीन पर्समध्ये.

“येतंय काहीतरी,” ती म्हणाली. “पण गाडी आहे का तू, ते कळत नाहीये.”

एवढ्या भक्कम साक्षीवर मी तो विकत घेतला.

ते धूड तिसऱ्या मजल्यावर चढवताना शेजारच्या मामांनी मला ज्या शिव्या दिल्या, त्या ब्लॉगवर लिहिता येणार नाहीत. दिवसाची कमाई म्हणाल तर पाठदुखी आणि धुळीने काळे झालेले हात. तीन महिने वाचलेलं सगळं पाण्यात.

आई खुर्ची ओढून ॲम्पसमोर बसली. भाकऱ्या करताना ती जे जुनं गाणं गुणगुणते, ते मी एक सप्तक खाली उतरवून वाजवलं. संपल्यावर म्हणाली, “रडकं आहे.”

“वाद्यच तसं आहे गं.”

“वाद्याला कशाला नावं ठेवतोस? लहानपणी तू अस्साच रडायचास. पदर धरून, थांबायचं नाव नाही.” तिने डोळे पुसले. “परत वाजव. नाशकात कोण ऐकवणारे?”

परत वाजवलं. कडव्यात दांडी जरा पुढे सरकली.

“चुकलास!” आई ओरडली.

चूक काढल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.